मागून चालणारी

दुकानातल्या मुलीने बाळाला पाठीवर बसवून न्यायच्या खुर्चीच्या कमरपट्ट्यातला छोटा खिसा उघडला, आतून दोरीला बांधलेला तळहाताएवढा आरसा बाहेर काढला आणि म्हणाली, "आणि हे याचं खास. बाळ पाठीवर काय करतंय ते चालता चालता बघता येतं. मागून कुणी चालायची गरजच नाही."

बोलण्याच्या ओघात आलेलं वाक्य. असं ती रोज कितीतरी गिऱ्हाइकांना म्हणत असेल. जावई "अरे वा" म्हणाले, लेकीने आरसा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, आणि मी बूट घालून बघायच्या बाकावर नातीला मांडीवर घेऊन बसले होते, ती तशीच बसून राहिले. फक्त नातीभोवतीचा हात जरा आवळला गेला. नातीला ते कळलं असावं. तिने माझ्या चष्म्याची दोरी तोंडातून काढली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंडात घातली.

रविवारी टेकडीवर जायचं होतं. लेक लहान असताना आम्ही जायचो त्याच टेकडीवर. गेला आठवडाभर घरात तोच विषय चालला होता. लेक म्हणायची, रविवारी जायचंय, पाणी भरून घ्यायचंय, टोप्या काढून ठेवायच्यात. कुणी कुणी जायचंय, ते मात्र म्हणत नव्हती. आणि मी विचारत नव्हते, कारण विचारलं की उत्तर येतं. थंडीच्या सुरुवातीला एकदा तिने "आई, गुडघा काय म्हणतो?" असं विचारलं होतं, तेव्हा मी "तो कशाला बोलतोय, बिचारा गरीब आहे" असं म्हणून टोलवलं होतं. त्यानंतर तिने विचारलं नाही. मी दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. सकाळी तिच्याकडे जाते, ती कामाला जायच्या आत पोचते, आणि ती येते तेव्हा मी खुर्चीत नात घेऊन बसलेली असते. बसलेलं माणूस कसं चालतं ते कुणाला दिसत नाही. मला जायचं होतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती मी आठवडाभर जिभेखाली गोळी धरावी तशी धरून ठेवली होती.

दुकान लांबोडकं होतं. पुढे बूट, मग दोरांची वेटोळी, मग ज्यांत कुणीच राहत नाही असे तीन तंबू, आणि अगदी मागे लाकडाचा एक चढ. त्यावर दगड चिकटवलेले होते, बूट घालून चढून बघायला. बाजूला कठडा. मुलीच्या बोटांच्या टोकांना पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. भिंती चढते म्हणाली. कुठल्या भिंती ते मी विचारलं नाही. आमच्या वेळी भिंती चढणाऱ्यांना पोलीस शोधत असत.

"बाळ आधाराशिवाय बसतं ना?" तिने विचारलं होतं. "मान सांभाळते?"

"बसते," मी म्हटलं. "पडते. परत बसते."

"मग चालेल. आणि वजन?"

लेकीने वजन सांगितलं. जावयांनी त्यात थोडी भर घातली, कारण सकाळी खाल्लंय म्हणाले. जावई दातांचे डॉक्टर आहेत. कुठलीही वस्तू घेताना ती आ करून बसलेली आहे असं समजून मान वाकडी करून आत डोकावतात. आठवडाभर रात्री जेवताना ते पट्ट्यांबद्दल बोलत होते. कमरेवर भार यायला हवा, खांद्यांवर नाही. पाठीची लांबी जुळवता यायला हवी. बाळाचे पाय लोंबते नकोत, टेकायला काहीतरी हवं. "बटाटी पोत्यात भरायचीय की विमानात बसवायचीय?" लेक म्हणाली होती. बटाटी म्हणजे नात. हे नाव जावयांनीच ठेवलेलं. खरं नाव कागदावर आहे, कागदावरच राहील असं दिसतं.

मुलीने वाळूच्या छोट्या छोट्या पिशव्या आणल्या आणि बाळाच्या वजनाइतक्या त्या खुर्चीत रचल्या. "आधी वाळू, मग बाळ," ती म्हणाली. "हा आमचा नियम." ते मला आवडलं. आम्हांला कुणी आधी वाळू दिली नव्हती.

आमच्याकडे चादर होती. निळ्या चौकड्यांची, एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग पडलेली. हे मोजणी खात्यात होते. आठवडाभर साखळी ओढत लोकांच्या जमिनीतून चालायचे आणि रविवारी पुन्हा टेकडीवर चालायला निघायचे. मी म्हणायची, अहो, सहा दिवस चालून पाय भरत नाहीत का तुमचे? तर म्हणायचे, "अगं, ते सरकारचं चालणं. हे माझं." लेकीला मी त्यांच्या पाठीवर चादरीत बांधत असे. एक टोक खांद्यावरून, एक काखेखालून, छातीवर फुली, आणि गाठ मागे, पोरीच्या बुडाखाली. गाठ मागे असल्यामुळे ती त्यांना सोडता यायची नाही. बांधली की ते माझ्या हवाली. पाठीवर पोर, ते पुढे, मी मागे. म्हणून लेकीचं नाव गाठोडं पडलं. अजूनही कधी रागात माझ्या तोंडून निघतं, आणि ती म्हणते, आई, माझ्या हाताखाली चार माणसं काम करतात.

मागे म्हणजे अगदी मागे नाही. थोडं डावीकडून. सरळ मागून फक्त टोपी दिसते. डावीकडून एक कान दिसतो, गालाची कड, एक मूठ, आणि मान. मुलाची मान हे मोठं बोलकं प्रकरण आहे. झोप यायच्या आधी मानेवरचे केस ओले होतात. राग आला की कानाची पाळी आधी लाल होते, आवाज नंतर निघतो. काहीतरी नवीन दिसलं की मान ताठ होते आणि पायाची बोटं फाकतात. चेहरा पुढच्या माणसासाठी असतो, तो हसतो, रडतो, काय वाटेल ते करतो. मान खोटं बोलत नाही. पण ज्याच्या पाठीवर पोर आहे त्याला यांतलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त वजन कळतं. म्हणून हे दर थोड्या वेळाने, मागे न बघता, विचारायचे: "काय करतेय?" आणि मी सांगायची. बकरीकडे बघतेय. तुमची कॉलर चोखतेय. पाखरू गेलं, ते शोधतेय. जांभई दिली. कधी पुष्कळ वेळ ती काहीच करत नसे, तेव्हा मी काहीबाही बनवून सांगायची, ढगाला टाटा करतेय वगैरे, आणि ते हसून म्हणायचे, "काहीतरी थापा मारतेस." पण विचारायचं थांबवायचे नाहीत. पुढे लेक मोठी झाल्यावर तेच तिला सांगायचे, तू ना, ढगांना टाटा करायचीस. आता ती लोकांना सांगते, मी म्हणे लहानपणी ढगांना टाटा करायचे. असू दे. कुणीतरी करायलाच हवं होतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, हे सांगायला हवं. डोक्यावर हेडफोन, समोर फळी, आणि भोकांत घालायच्या पिना. या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा आणि मधून बाजूला व्हायचं. कुणाचा बाप गेल्याचं, कुणाला मुलगा झाल्याचं, सगळं माझ्या कानावरून जायचं. आणि मध्ये मध्ये विचारायचं, "बोलणं चालू आहे का?" त्या आवाजात काही असता कामा नये. ना दमणूक, ना पाठदुखी, ना घरी पोराला ताप. आवाज सरळ. आमच्या सुपरवायझर बाई म्हणायच्या, तुमचं तोंड वाकडं असलं तरी चालेल, आवाजाला इस्त्री हवी. ती सवय टेकडीवर माझ्या कामी आली. माझी आई गेली त्याच्या पुढच्याच रविवारी आम्ही टेकडीवर गेलो होतो. घरात बसून काय करणार, चल, म्हणाले होते. मी मागून चालत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक पदराने पुसत होते, आणि त्याच वेळी सांगत होते, मुठीत तुमचे केस धरलेत, आता सोडले, आता परत धरले. त्यांना काही कळलं नाही. त्यांना कळावं असं मला वाटत होतं का, ते आता आठवत नाही. पण मागे चालण्यात एक मोकळीक असते. पुढच्याला रस्ता बघायचा असतो, पाठीवरच्याला जग बघायचं असतं. मागच्याकडे कुणी बघत नाही. त्याने हवं ते करावं. रडावं, दमावं, उसासे टाकावेत. फक्त विचारलं की सांगावं.

आणि म्हणूनच रविवारी मला मागून चालायचं होतं. गुडघ्याचं मी ठरवून ठेवलं होतं. मागून चालले की लंगडणं दिसणार नाही. आवाज मी सरळ ठेवीन. तो अजून ठेवता येतो.

"आई, तुम्ही बघा ना जरा," जावई म्हणाले. त्यांच्या पाठीवर आता वाळू होती. मुलीने कमरेचा पट्टा आवळला, खांद्याचे पट्टे सैल केले, पाठीमागची एक पट्टी वर सरकवली. "आता भार कुठे वाटतो?"

"कमरेवर," ते म्हणाले. मग मान वाकडी करून विचार केला. "थोडा मनावर."

"तो बाळ घातल्यावर कमी होतो," मुलगी म्हणाली. हुशार होती.

ते दगडांच्या चढावर चढले. वर जाऊन आरसा समोर धरला. "वाळू शांत आहे," त्यांनी जाहीर केलं. "वाळूला दात येत नाहीयेत." उतरताना मात्र आरशात बघता बघता त्यांचा पाय एका दगडावरून घसरला, कठडा धरला म्हणून बरं. मुलगी म्हणाली, आरसा थांबून बघायचा, चालता चालता नाही. मघाशी तिने वेगळंच सांगितलं होतं. त्यांनी ती खुर्ची उतरवून ठेवली. तिला मागे एक पाय होता, जमिनीवर ती स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली. दुसरी एक होती, नुसती कापडाची, हलकी, घडी घातली तर माझ्या पिशवीत मावेल अशी. तिला ना सावलीसाठी छत, ना आरसा. माझं लक्ष पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात होतं. एखादी मुलगी सुनेच्या जागी आवडावी आणि आपण गप्प बसावं, तसं.

माझ्या पायाचा एक जुना प्रसंग तिथे बसल्या बसल्या मला का आठवावा? टेकडीवर पहिल्या वळणाच्या अलीकडे एक खडकाळ पट्टा आहे. एकदा तिथे माझा पाय मुरगळला. मी आवाज केला नाही, खाली बसले. हे पुढे गेले, वळणाआड दिसेनासे झाले. तिकडून आवाज आला, "काय करतेय?" मी काही बोलले नाही. बोलता येत नव्हतं असं नाही. पण मला पोर दिसतच नव्हती, तर सांगायचं काय? पुन्हा आवाज आला. मग खडी वाजायला लागली आणि हे धावत वळणावरून परत आले, तोंड पांढरंफटक, आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "का गं, बोलत का नाहीस? हिला काही झालं का?" लेक त्यांच्याच पाठीवर होती. त्यांनी पाठ माझ्याकडे वळवली, मी बसल्या बसल्या बघितलं आणि म्हटलं, "झोपलीय." त्यांनी सुस्कारा सोडला. मग त्यांचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. पुढे त्यांनी सगळं व्यवस्थित केलं. रुमाल ओला करून बांधला, हात धरून खाली आणलं, दोन दिवस भात लावला. वाईट माणूस नव्हताच तो. आम्ही कितीदा तरी त्यावर हसलो आहोत. पण माझ्या आठवणीत तो रुमाल नाही राहिला. वळवलेली पाठ राहिली.

"आता बाळ घालून बघू या?" मुलगी म्हणाली. लेक पट्टे आवळून तयार होती. आरशावाल्या खुर्चीचेच पट्टे. जावयांनी माझ्या मांडीवरून नात उचलली. माझ्या चष्म्याची दोरी तिच्या मुठीत होती, त्यामुळे चष्माही निघाला. तो सोडवून घेईपर्यंत ती खुर्चीत बसलीसुद्धा होती, पाय आधारावर, हनुवटी मऊ गादीवर. तोंड पसरलं, रडू का नको असा विचार केला, आणि लेक हलली तशी गप्प झाली. लेक चढाकडे निघाली.

मी उठले कधी ते मला कळलं नाही. मांडी मोकळी झाली की पाय आपोआप उठतात, इतक्या महिन्यांची सवय. लेक पहिल्या दगडावर होती आणि मी तिच्या मागे, थोडी डावीकडे. कठड्यावर हात. दुसरा दगड, तिसरा. गुडघ्यात काहीतरी सरकलं आणि जागेवर बसलं. समोर नातीची मान होती. केस अजून नीट आलेले नाहीत, मध्ये एक भोवरा आहे, डाव्या अंगाचा, थेट तिच्या आईसारखा. पायाची बोटं फाकलेली. तंबू बघत होती.

"काय करतेय?" लेकीने विचारलं.

मागे न बघता. त्यांच्याच सुरात. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. ती तेव्हा पाठीवर होती, चादरीत, आणि हा आवाज त्यांच्या पाठीतून थेट तिच्या छातीला लागत असणार. मी म्हटलं, "तंबू बघतेय. तुझी बट धरायला हात पुढे केलाय. पोचत नाहीये." माझा आवाज सरळ होता. मी तो तपासून बघितला, अगदी सरळ होता.

मग मला आरसा दिसला. लेकीने तो खांद्याजवळ धरला होता. त्यात नातीच्या कपाळाचा तुकडा होता, आणि त्याच्या पलीकडे कठडा घट्ट धरलेली एक म्हातारी, एक पाय पुढे टाकून दुसरा त्याच्याजवळ ओढून घेणारी. ओळखायला मला एक क्षण लागला. त्या आरशातून लेकीचा एक डोळा माझ्याकडे बघत होता.

"आई," ती म्हणाली, "तू लंगडतेयस."

"चढ आहे."

"चढ दोन हातांचा आहे."

"दगड आहेत."

ती वर जाऊन थांबली. वळली नाही. वळली असती तर नात माझ्याकडून पलीकडे गेली असती, आणि मला वाटतं तिला ते नको होतं. आरशातूनच बोलत राहिली. "कधीपासून?"

"थंडीपासून."

"आणि मी विचारलं तेव्हा गरीब आहे म्हणालीस."

"गरीबच आहे. श्रीमंत असता तर असा चालला असता?"

ती हसली नाही. खाली जावई वाळूच्या पिशव्या एकावर एक रचत होते, उगाचच, हात रिकामे राहू नयेत म्हणून. दुकानातली मुलगी तंबूची चेन लावत होती, जी मघाशीही लावलेलीच होती. मी वाट बघत राहिले. आता ती म्हणणार, मग तू खाली गाडीत बस, आम्ही लगेच येतो. मी उत्तरही तयार ठेवलं होतं: हो, बरं होईल, मी विणायला घेईन. आवाजाला इस्त्री करून ठेवली होती.

"बाबांना कधीच कळलं नसेल ना," ती म्हणाली.

"काय?"

"तू मागे काय करत असायचीस ते."

"त्यांच्याकडे आरसा नव्हता," मी म्हटलं.

ती पलीकडच्या बाजूने हळूहळू उतरली. एक दगड, मग थांबायची, मग पुढचा. ती माझ्यासाठी थांबतेय हे मला तिसऱ्या दगडावर लक्षात आलं. खाली पोचल्यावर जावई घसा खाकरून म्हणाले, "मी काय म्हणतो, आपण ती हलकी घेऊ. वाटेत पायाखाली बघायचं की आरशात? मी इथेच पडत होतो. आणि बटाटी काय करतेय ते सांगायला आई आहेतच की मागून."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की मला त्यांच्याकडे बघता येईना. आठवडाभर मी ज्याची वाट बघत होते ते या माणसाने कधीच गृहीत धरलं होतं, आणि सांगावं असं त्यांना वाटलंच नव्हतं. सूर्य उद्या उगवणार आहे असं कोण कुणाला सांगतं?

"ही घ्यायची," लेक म्हणाली. "आरशाची."

"अगं, पण कशाला? आई आहेत ना..."

"बाळाचं आई सांगेल," ती म्हणाली. "आईचं कोण सांगणार?"

जावयांनी मान वाकडी केली, माझ्याकडे बघितलं, माझ्या गुडघ्याकडे बघितलं, आणि "हं" म्हणाले. दुकानातली मुलगी खोका आणायला गेली.

"पहिल्या वळणापर्यंत," लेक मला म्हणाली. "तिथे दगडावर बसायचं. आम्ही वर जाऊन येऊ."

"त्याच्या पुढे, पाण्याच्या टाकीपर्यंत."

"आई, वळण."

"वळणाला सावली नाही. टाकीला आहे."

"वळणाला चांगलं मोठं झाड आलंय आता. गेल्या वर्षी बघितलंय मी."

"कशाचं?"

"मला काय माहीत कशाचं! झाड आहे."

"मग टाकी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या खांद्यावरून नातही बघत होती. दोघींची कपाळं एकाच पद्धतीने आठ्या घालतात. "टाकी," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या चालीने नाही, तुझ्या. आणि दुखलं की बोलायचं. तोंडाने."

"टेलिफोनवर चालेल?"

"गाठोडं म्हणून हाक मारलीस तरी चालेल. पण बोलायचं."

मी हो म्हटलं. ते मला जमेल की नाही, कोण जाणे. इतक्या वर्षांची इस्त्री एका रविवारी मोडत नाही. आणि खरं सांगायचं तर थोडं काहीतरी गेल्यासारखंही वाटत होतं. मागची ती जागा, जिथे कुणी बघत नसे. आता लंगडायचं तर दिसेल असं लंगडावं लागणार होतं. आरसा खिशात गेला तरी तो तिथे आहे हे मला माहीत असणार. त्या रडण्याच्या रविवारी असा आरसा असता तर त्यांनी काय केलं असतं, याचा विचार मी बाकावरून पिशवी उचलताना केला. थांबले असते. हो, थांबले असते. आणि मग मला काय सांगायचं ते सुचलं नसतं.

नात खुर्चीतून निघायला तयार नव्हती. उचलायला गेलं की पट्ट्याला धरून ओरडायची. म्हणून लेक तिला तशीच पाठीवर घेऊन निघाली, दुकानाच्या लांबोडक्या वाटेने, दोरांच्या वेटोळ्यांमधून, बुटांच्या भिंतीजवळून. जावई रिकामा खोका घेऊन पुढे दार धरायला गेले. मी मागून, थोडी डावीकडून. कठडा नव्हता. पाय ओढत, जसा ओढावा लागतो तसा ओढत.

"काय करतेय?" लेकीने विचारलं.

आरसा तिच्या हातात होता, खांद्याजवळ, वर धरलेला. तिला दिसतच होतं. तरी तिने विचारलं, आणि मी सांगितलं.